शेवटची पंगत

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला क्रम असतो. तो पत्रिकेत छापत नाहीत, माईकवरून पुकारत नाहीत, तरी चुकत नाही. आधी व्याह्यांकडचे, मग बाहेरगावचे पाहुणे, मग गावातले कर्ते पुरुष, मग बाया आणि लेकरं. घरच्या बाया त्याच्याही नंतर. सगळ्यात शेवटी वाढणारे पोट्टे, बँडवाले, मांडववाले, भांडी घासायला आलेल्या मावश्या आणि खुद्द आचारी. त्याच्यानंतरही एक पंगत असतेच, फक्त ती मांडवात बसत नाही. घरी राहिलेली बाळंतीण, खाटेवरची म्हातारी, शेतात जागलीला गेलेला सालदार, यांच्यासाठी भरून नेलेले डबे.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर दारव्ह्याकडचं, सासर दिग्रसकडचं, त्यामुळे उन्हाळाभर लग्नांतून सुटका नाही. आणि घरची लेक किंवा घरची सून म्हणून माझा नंबर ठरलेला, शेवटून दुसरा. तिथं बसून बसून माझं एक मत झालंय. लग्नातल्या जेवणानं गाव आजारी पडतं, असं आपण म्हणतो. खरं तर गाव सरसकट आजारी पडत नाही. पहिली पंगत बहुतेक वेळा ढेकर देऊन सुखरूप घरी जाते.

हिशोब सोपा आहे. आचारी पहाटे चारला चूल पेटवतो. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात हे सगळं नऊपर्यंत तयार. पत्रिकेवर मुहूर्त ११ वाजून ३५ मिनिटांचा. पण वरात मारुतीच्या देवळापाशी अडते, डीजेवाल्याला नवरदेवाचे मित्र सोडत नाहीत, मामा रुसतो, आणि लग्न लागतं दीड-दोनला. पहिली पंगत अडीचला बसते, शेवटची उठते पाचला. नऊला चुलीवरून उतरलेली भाजी पाचला कोणाच्या तरी पत्रावळीवर पडते. मधले आठ तास ती भाजी मांडवामागे ताडपत्रीखाली उभी असते, आणि मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या ताडपत्रीखाली दुपारी पारा सहज ४४ अंशांना टेकतो.

दुसऱ्या दिवशी गावात कारणं निघतात. पहिला मान पालीचा. भाजीत पाल पडली असंन, हे कोणीतरी बोलतंच, आणि मग पाल पाहिलेला माणूसही निघतो. आपल्या घरातली पाल विषारी नसते. ती वाईट जंतू अंगावर वागवू शकते हे खरं, पण उकळत्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पडली तर ते जंतू तिच्यासोबत शिजून जातात. किळस येईल, उलटी होईल ती किळसेनं. पालीनंतर तेलाचा नंबर, मग नजर, मग नवरीकडच्या विहिरीचं पाणी. आठ तासांचं नाव मात्र कोणी घेत नाही. आठ तास दिसत नाहीत ना.

आणि आजारी पडण्याच्या वेळेकडेही कोणी पाहत नाही. मला विचाराल तर सगळ्यात बोलका साक्षीदार तोच. एकाच मांडवात जेवलेल्यांपैकी काहीजण दिवेलागणीलाच ओकायला लागतात. ताप नाही, जुलाब थोडे, पण उलटी थांबत नाही. दुसरे काही रात्री निवांत झोपतात आणि मध्यरात्रीनंतर पोट धरून उठतात. पिळवटून कळ येते, जुलाब होतात, उलटी जवळपास नाहीच. आणि एखादा तिसऱ्या दिवशी तापानं फणफणतो. हे तीन वेगळे आजार आहेत, तीन वेगळ्या जिवाणूंचे, आणि तिघांची काम करायची तऱ्हा वेगळी.

दिवेलागणीच्या उलट्यांचा संशयित बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा माणसाच्या अंगावरचाच रहिवासी. साधारण तीनातल्या एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, आणि फोड, गळू, चिघळलेली जखम म्हणजे त्याचं हक्काचं रान. आमच्याकडच्या बायांचे हात कधी जवळून पाहिलेत का? दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते. बोंड उकललं की त्याच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी कडक होतात आणि कापूस ओढताना नखांच्या कडेला ओरखडे पडतात. आज पडलेला ओरखडा उद्या परत उसवतो. फरदड, म्हणजे त्याच झाडांवर कापसाचा दुसरा बहर, घेतली तर हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं, आणि तोवर लग्नं सुरू झालेली असतात. त्याच बोटांनी पुरीची कणीक तिंबली जाते. पुरी तळली जाते, तिचं काही नाही. पण त्याच बोटांनी उकडलेले आलू सोलले, खवा कुस्करला, थंड कस्टर्डमध्ये केळी चिरून टाकली, की जिवाणूला घर मिळालं.

हा जिवाणू पोटात जाऊन काही करत नाही. त्याचं काम पातेल्यातच उरकलेलं असतं. अन्नात वाढता वाढता तो एक विष सोडतो. ते विष आतड्यातल्या मज्जातंतूंना डिवचतं, तो निरोप मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत जातो आणि माणूस ओकतो. एक मायक्रोग्रॅमहून कमी विषही पुरतं. जिवाणूला पोटात वाढायचं नसतं, म्हणून तो वेळ घेत नाही. एक ते सहा तासांत काम तमाम. यातली खरी चिडवणारी गोष्ट म्हणजे अन्न पुन्हा उकळलं तर जिवाणू मरतो, विष तसंच राहतं. ‘चांगलं खदखदा उकळून वाढलं होतं ना!’ असं यजमान शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

१९१४ साली बार्बर नावाच्या संशोधकानं फिलिपिन्समधल्या एका गोठ्याच्या दुधावर निबंध प्रसिद्ध केला. गाय दिसायला ठणठणीत. ताजं दूध पिऊन काही होत नसे. तेच दूध उन्हाळी हवेत ठेवून मग प्यायलं की दोन तासांत मळमळ आणि उलट्या. बार्बरनं ते स्वतः पिऊन पाहिलं होतं. गायीच्या सडातून हा जिवाणू दुधात उतरत होता आणि ठेवलेल्या वेळात विष तयार करत होता. दूध तेच, गाय तीच. फरक तेवढ्या ठेवलेल्या वेळाचा.

आता मध्यरात्रीची कळ. हिच्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण हा जिवाणू जणू आमच्या मे महिन्यासाठीच जन्माला आलाय. नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. मातीत, धुळीत, जनावरांच्या आतड्यात, सगळीकडे असतो. परिस्थिती बिकट झाली की तो बीजाणू करतो, म्हणजे स्वतःभोवती असं कवच की उकळतं पाणीही त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. धन्यासोबत, मिरचीसोबत, वांग्याच्या देठाला चिकटलेल्या मातीसोबत, मटणासोबत हे बीजाणू गंजात जातात. भाजी उकळते, बाकीचे जिवाणू मरतात. बीजाणूंना मात्र तो ताव उलट जाग आणतो. शिवाय उकळताना रश्श्यातली हवा निघून जाते, आणि याला हवा नकोच असते. म्हणजे आचाऱ्यानं न कळत प्रतिस्पर्धी मारले, हवा काढली आणि वरून झाकण ठेवलं.

आता फक्त तापमान हवं. या जिवाणूला सगळ्यात मानवतं ते ४३ ते ४५ अंश. कॉलेजात याची वाढ करायची तर आम्हाला इन्क्युबेटर लावावा लागतो, वीज गेली की जीव खालीवर होतो. मांडवामागे तो त्रासच नाही. पन्नास-साठ लिटरचा गंज मधोमध फार सावकाश निवतो. कुठल्या थंड प्रदेशात निदान तो निवत निवत पुढे जातो, वीस-बावीसवर येतो, आणि जिवाणू मंदावतो. आमच्याकडे तो निवतो आणि ४४वर येऊन थांबतो, कारण बाहेरची हवाच ४४ आहे. त्याच्या खाली जाणार कुठं?

या तापमानाला तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दहा लाख व्हायला वीस दुपटी लागतात. तीन तास वीस मिनिटं. वरात तेवढा वेळ घेतेच.

असे लाखो जिवाणू भाजीसोबत पोटात जातात. जठरातल्या आम्लात बरेच मरतात, पण भरल्या पोटी, तेला-तुपाच्या जेवणात, आम्ल पातळ झालेलं असतं आणि घासाच्या पोटात लपून पुष्कळ जण निभावून जातात. लहान आतड्यात पोचल्यावर ते परत बीजाणू करायला घेतात. बीजाणू बाहेर पडायचा तर त्याला घडवणारी पेशी फुटावी लागते. ती फुटते तेव्हा बीजाणूबरोबर साठवलेलं विषही सुटतं. विषाचे रेणू आतड्याच्या अस्तराला चिकटतात, सहा मिळून त्या पेशीच्या भिंतीला भोक पाडतात. आत कॅल्शियम घुसतं, पेशी मरते, अस्तराचा तुकडा सोलून निघतो, आणि पाणी आतड्यात झिरपतं. हे सगळं घडायला आठ-बारा तास. पाचला जेवलेल्या काकूला रात्री दोनला उठावं लागतं ते म्हणून. दिवसभरात बहुतेकांचं थांबतं, अस्तराच्या पेशी तीन-पाच दिवसांत नव्या येतातच. पण खाटेवरच्या म्हातारीच्या अंगात एक दिवसाचं पाणीही जास्तीचं नसतं.

यावर मी एका आचाऱ्याशी बोलले होते. वयस्क माणूस, पंचक्रोशीत त्याच्या वांग्याच्या भाजीचं नाव. मी झाकणाचं बोलले तर तो भडकला. ‘म्याडम, झाकण नाई ठेवाचं तं का माश्या बसू द्याच्या? अन् भाजी ठंडी झाली तं पाहुणे मले शिव्या देतात.’ झाकणाला माझी हरकत नव्हतीच. गंजाखाली निखारे राहू द्या, भाजी वाफ देत राहू द्या, एवढंच म्हणणं होतं. साठ अंशांच्या वर हे जिवाणू वाढत नाहीत. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘मंग ते बुडाले लागते ना. करपट वास आला तं कोन खाईन?’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याचं शास्त्र त्याच्या नाकात आहे, आणि आजवर त्या नाकानं त्याला फसवलेलं नाही.

फसवत नाही, कारण नाक वेगळ्याच जिवाणूंसाठी घडलंय. वरण ‘उतरलं’, भात आंबला, भाजीला तार सुटली, हे करणारे बहुतेक निरुपद्रवी. ताक, अंबील, इडलीचं पीठ, हे तर आपण त्यांच्याकडून मुद्दाम करून घेतो, आणि त्यांनी केलेल्या आंबटपणात रोगाचे जिवाणू सहसा वाढत नाहीत. परफ्रिंजन्स असो की स्टॅफिलोकोकस, तो अन्नाचा वास बदलत नाही, रंग बदलत नाही. म्हणून आचारी हातावर रस्सा घेऊन चाखतो आणि ‘फर्स्टक्लास’ म्हणतो तेव्हा तो अगदी प्रामाणिक असतो.

भाताचा वेगळा एक आहे, बॅसिलस सेरेस. तोही बीजाणूवाला, आणि त्याचंही उलटीचं विष फोडणीनं जात नाही. रात्रीचा उरलेला मसालेभात सकाळी परतून खाणाऱ्यांनी त्याची ओळख ठेवावी.

तिसऱ्या दिवशीच्या तापाची तऱ्हा निराळी. साल्मोनेला विष सोडून गप्प बसत नाही, तो घुसतो. बहुधा कोंबडी, अंडी, नाहीतर ज्या पाटावर कच्चं मटण कापलं त्याच पाटावर चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. आतड्याच्या पेशीला टेकला की तो एका बारीक सुईतून आपली प्रथिनं तिच्यात टोचतो. त्या प्रथिनांनी पेशीचा सांगाडा हलतो, तिच्या कडा फुगून वर येतात आणि ती जिवाणूला स्वतःच आत ओढून घेते. मग शरीर चिडतं, आतड्याला सूज येते, ताप चढतो. आणि सूज आली की आतड्यात जी रसायनं तयार होतात त्यातलं एक साल्मोनेलाला श्वासासाठी चालतं, आपल्या नेहमीच्या जिवाणूंना चालत नाही. आपल्याच रागावर तो गबर होतो.

इथे गॅसच्या गोळीचं बोललं पाहिजे. आमच्याकडे लग्नाला निघताना खिशात रुमाल नसेल पण ती गोळी असते. उपाशीपोटी घेतली, म्हणजे मग दाबून जेवायला मोकळे. जठरातलं आम्ल काही शत्रू नाही, फाटकावरचा पहिला राखणदार आहे. कॉलऱ्यावर स्वयंसेवकांवरचे जुने प्रयोग आहेत. आम्ल जागेवर असताना आजार व्हायला कोट्यवधी जिवाणू गिळावे लागत, सोडा देऊन आम्ल मारलं की त्याच्या मानानं कितीतरी कमी पुरत. डॉक्टरांनी दिली असेल तर गोळी घ्यावीच. पंगतीच्या भरवशावर घेऊ नये.

कॉलरा म्हटलं की लोकांना तो आजोबांच्या काळातला वाटतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत, उघड्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं दगावली. हा जिवाणू करतो काय, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जिवाणू गाळून काढलेला द्राव सोडला. एकही जिवंत जिवाणू नसताना आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे सगळी करामत विषाची. आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी येतं, पिण्याचं दोनेक लिटर आणि बाकी लाळ, जठररस, पित्त असं शरीराचं स्वतःचं. त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं, बाहेर जातं ते पाव लिटरच्या आत. कॉलऱ्याचं विष पेशीतलं एक बटण चालू स्थितीत अडकवून ठेवतं. क्लोराइड बाहेर ओतलं जातं, मागोमाग पाणी. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर चिकटला की विहिरीचा तळ दिसेपर्यंत पंप ओढतच राहतो, तसं.

पेशी मात्र जिवंत असते, आणि तिचा दुसरा दरवाजा उघडा असतो. त्या दरवाजातून साखर आणि मीठ जोडीनं आत जातं आणि सोबत पाणी नेतं. बाहेर पडणारं बंद करता येत नाही, पण आत घेता येतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत, कॉलऱ्याच्या साथीत, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायच्या सोड्याचं पाणी पिंपात कालवून वाटलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आणि तरी आमच्या गावात जुलाबावर सलाईन लावली नाही तर तो डॉक्टरच नव्हे. ‘नुसतं पानी पाजलं’ अशी तक्रार होते. २० फेब्रुवारी २०२४ला लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या सप्ताहात भगर-आमटीच्या प्रसादानं दोनशेहून अधिक लोकांना त्रास झाला. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्याचा व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला. भगरीत बुरशी धरते आणि बुरशीची विषं वेगळी, म्हणून त्या रात्रीचा दोष मी जिवाणूंच्या माथी मारणार नाही. जे अगदीच गळून गेले, ज्यांना पोटात काही ठरत नाही, त्यांना सलाईन हवीच. बाकीच्यांना एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ, घोट घोट. दुकानात ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, पुडी मागताना पुडीच मागावी, गोड डब्बा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला बंदी केली, तोवर कितीतरी आयांनी लेकरांना सरबतच पाजलं. रक्त पडत असेल, ताप असेल, तर जुलाब ‘बांधणारी’ गोळी देऊ नये. घाण बाहेर जाऊ द्यावी आणि दवाखाना गाठावा.

मागच्या उन्हाळ्यात दिराच्या मुलीचं लग्न आमच्या अंगणात होतं. निखाऱ्यांवरून आचाऱ्याशी परत वाद घालायचा नव्हता, म्हणून मी दुसरीच मागणी केली. भाजी आणि भात दोन घाण्यांत करा. अर्धं नऊला, अर्धं लग्न लागल्यावर. तो म्हणाला, ‘करतो ना, पन मजुरी वाढन, अन् गॅसची एक टाकी जास्ती लागन.’ दीर कुरकुरले, मग कबूल झाले. घरच्या बायांना आधी बसवायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. मोठ्या काकूंनी एका वाक्यात तो मोडून काढला. ‘व्याही उपाशी अन् आपन जेवाव? काहीतरीच बोलते बाप्पा तू.’ पंगतीचा क्रम हलला नाही. हलला फक्त गंज.

चारला दुसरा घाणा उतरला. भांडी घासणाऱ्या मावश्यांच्या पत्रावळीवर वाफाळती भाजी पडली, सांभार वरून हिरवागार. पहिल्या पंगतीला जेवून पान चघळत बसलेल्या व्याह्यांना तो वास लागला. ते उठून आचाऱ्यापाशी गेले आणि म्हणाले, ‘आमाले काहून कोमट वाढली बे? पुढच्या लग्नात आमी शेवटीच बसतो.’